‘बग्ज’चा रकाना

३ नोव्हेंबर १९७१. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आपल्या युनिक्स या संगणक कार्यप्रणालीच्या माहितीपुस्तकाची, ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’ची पहिली आवृत्ती काढली. ती काढावी म्हणून त्यांच्या मागे लागणारे होते त्यांचे विभागप्रमुख डग मॅकिलरॉय.

त्या काळी बऱ्याच ठिकाणी संगणक टेलिटाइपवर चालायचा. उत्तर पडद्यावर नव्हे, तर खडखडत कागदावर उमटायचं. अशा यंत्रावर पाल्हाळ कोणाला परवडणार? म्हणून प्रत्येक आज्ञेची माहिती थोडक्यात आणि एकाच साच्यात दिलेली: नाव, वापरायची पद्धत, वर्णन, संबंधित फायली, ‘हेही पाहा’. आज्ञेचा धनी कोण, हेसुद्धा तिथेच. शंका आली की थेट त्यालाच गाठायचं.

पण खरी गंमत ‘बग्ज’ या रकान्यात. प्रोग्राममधले दोष तो लिहिणाऱ्यानेच तिथे जाहीर मांडायचे! आपल्या मालातली खोट स्वतःच छापणारे विक्रेते विरळाच. मॅकिलरॉय यांच्या दृष्टीने यात फायदाही होता: दोष शब्दांत मांडताना लाज वाटली, की माणूस तो दुरुस्तच करून टाकायचा.

लवकरच ‘मॅन’ ही आज्ञा आली आणि हवं ते पान यंत्राकडूनच मागता येऊ लागलं. मात्र आज्ञेचं नावच ठाऊक नसेल तर? त्यासाठी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये ‘अ‍ॅप्रोपो’ ही आज्ञा आली. एखादा शब्द दिला, की तो ज्यांच्या एका ओळीच्या वर्णनात आहे अशी पानं ती दाखवते. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर आजही ‘मॅन एलएस’ टाइप केलं, की ‘एलएस’ या आज्ञेचं पान उघडतं ते बरंचसं त्याच जुन्या साच्यातलं.