खारेपाटणच्या सोन्याची पारख

शके ९३० च्या ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे इसवी सन १००८ च्या मे महिन्यात, दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने तांब्यावर एक दानपत्र कोरून घेतले. ते पुढे खारेपाटणला सापडले, आणि त्याचे पहिले वाचन छापले ते याच मुलखातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी. अव्वेश्वराच्या देवळाला गावे दिली, तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे नेमून दिली, इथवर सगळे रिवाजाप्रमाणे. पण त्यात एक कलम व्यापाराचे आहे. परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे देवळाला एक गद्याण सोने मिळावे आणि कंदलमूलीय इथून येणाऱ्या गलबतामागे एक धरण. चौल आणि चांदोरची गलबते तेवढी यातून वगळली होती.

राजाने कलम लिहून दिले. वसुली करायची ती बंदरावर. ताम्रपटातले बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असे काही अभ्यासक मानतात. आजचे गाव समुद्रापासून बरेच आत, वाघोटणच्या खाडीवर आहे. तांडेलाने पुढे केलेले सोने घेणाऱ्यापुढे दोन प्रश्न असत. वजन पुरते भरते का? आणि भरले तरी त्यात सोने किती, हिणकस किती?

या दोन्ही प्रश्नांची त्या काळची उत्तरे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सापडतात. ग्रंथ ११५० चा, पण त्यातली कोष्टके बाजारातलीच. दोन यवांची एक गुंज, तीन गुंजांचा एक वाल, आठ वालांचे एक धरण, दोन धरणांचे एक गद्याण. म्हणजे गद्याण अठ्ठेचाळीस गुंजांचे आणि धरण त्याच्या निम्मे. शुद्धतेसाठी वेगळे माप होते, वर्णाचे; सोळा वर्णांचे सोने सर्वांत चोख. भास्कराचार्य उदाहरण देतात: तेरा, बारा, अकरा आणि दहा वर्णांचे सोने अनुक्रमे दहा, चार, दोन आणि चार मासे घेऊन एकत्र आटवले, तर वर्ण किती? उत्तर बारा. तेच वीस मासे शुद्ध करून सोळा मासे उरले, तर पंधरा. लबाडी पकडायला लागणारे गणित आठशे-नऊशे वर्षांपूर्वी असे पाठ्यपुस्तकात बसले होते, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

गणिताला हवा असलेला वर्ण मिळे कसोटीच्या काळ्या दगडावर. सोन्याची रेघ ओढायची, शेजारी ठाऊक वर्णाच्या सोन्याची ओढायची आणि रंग ताडून पाहायचा. फसवणूक इथेही शिरे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नखाखाली गेरू दडवून तो रेघेवर भुरभुरणाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणून सोन्याइतकेच लक्ष पारख करणाऱ्याच्या बोटांवर ठेवावे लागे. मराठेशाहीत नाण्यांची अशी पारख पोतदाराकडे आली. अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. पोतदार नाणे पाहून खरे-खोटे सांगे आणि कमी कसाच्या नाण्यावर बट्टा धरला जाई. धान्याच्या मापात कुरबूर वेगळीच: पायली शिगेची की सपाट? भाव तोच, पण भातावर शीग ठेवली की नाही यावर मूठ-दोन मुठींचा फरक पडे. १९५६ च्या कायद्याने देशभर एकच वजनमाप ठरले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजने बाजारात येऊ लागली आणि निरीक्षकाचा शिक्का वजनावर बसला.

आज खारेपाटणचा माणूस संगणकाची रॅम ऑनलाइन मागवतो, तेव्हा प्रश्न तेच दोन. किती, आणि कोणत्या प्रतीची?

रॅमच्या बहुतेक पट्ट्यांवर एक बारकी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. पट्टी किती गिगाबाइटची, कोणत्या वेगाची, कोणी बनवलेली, ही माहिती तिच्यात लिहिलेली असते आणि संगणक सुरू होताना ती वाचतो. ‘सीपीयू-झेड’सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ती पाहता येते. इथे अनेकांचा जीव उगाच खाली-वर होतो. डब्यावर ‘डीडीआर४ ३२००’ लिहिलेले आणि पडद्यावर दिसतात १६०० मेगाहर्ट्झ! यात फसवणूक नाही. ही रॅम घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून आकडा दुप्पट धरायचा. त्याहूनही कमी दिसला तर आधी प्रोसेसरची मर्यादा आणि मदरबोर्डच्या सेटिंगमधले ‘एक्सएमपी’ चालू आहे का ते पाहावे. दोष बहुधा तिथे सापडतो.

पण एसपीडीतला मजकूर बदलता येतो, म्हणून तेवढ्यावर विसंबून चालत नाही. रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहून ते परत वाचून पाहणे, ही तिची कसोटी. ‘मेमटेस्ट८६’ हेच करतो. ख्रिस ब्रॅडी यांनी तो १९९४ मध्ये लिहिला. पेन ड्राइव्हवरून तो विंडोज सुरू होण्याआधीच चालवतात. एकही चूक दिसली तरी पट्टी परत करावी.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात लबाडी जास्त चालते. आतला कंट्रोलर खोटा आकडा सांगतो, खरी जागा संपली की नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात किंवा नुसतेच हरवतात, आणि लग्नाचे फोटो उघडायला जावे तेव्हा कळते. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ हे प्रोग्रॅम रिकामे कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात. कार्ड हाती आल्या दिवशीच हे करावे. मात्र ३२ जीबीच्या जागी विंडोजने २९.८ दाखवले तर तक्रार करू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. पायलीच्या शिगेचाच हा प्रकार.

माल खरोखरच खोटा निघाला तर पूर्वी खटल्याची जागा मोठी अडचण होती. १९८६ च्या ग्राहक कायद्यात तक्रार मुख्यतः विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल तिथे करावी लागे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. विक्रेता दिल्लीत बसलेला असला, तरी खारेपाटणच्या ग्राहकाची तक्रार सिंधुदुर्गातच दाखल होते. सोबत पावती, जाहिरातीचा पडद्यावरचा फोटो आणि चाचणीचा निकाल एवढे जोडावे.