कंगव्याने फिरणारा पंखा

शहापूरचे रेल्वे स्टेशन शहापूरला नाही, आसनगावला आहे. मुरबाडकरांना तेवढेही नाही. त्यांनी आपले कल्याण गाठावे. त्यामुळे आमच्या या दोन तालुक्यांत गाडीत शिरायला मिळाले, हेच पुष्कळ. वर डोक्यावरचा पंखा फिरतो का, असे विचारणे म्हणजे फुकटच्या पंगतीत ताटाभोवती रांगोळी मागणे.

पण पंख्यालाही इतिहास असतो. रूळ 1860 साली आसनगावला आले, 1861 साली कसाऱ्याला. गाडी सरकारने आणली; वारा ज्याचा त्याने आणायचा होता. पहिल्या वर्गातल्या साहेबासाठी वाळ्याच्या ओल्या ताट्या असत. तिसऱ्या वर्गाला खिडकी असे, आणि खिडकीत आधीच कोणाचे तरी डोके असे. गांधीजींनी 1917 साली या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली. तरी सगळ्या वर्गांत दिवे-पंखे हवेत, हे ठरायला स्वातंत्र्य यावे लागले आणि पन्नासचे दशक उजाडावे लागले. तिसऱ्या वर्गाला ‘हवा लागायला’ शतक गेले म्हणा ना! आम्हाला याचे नवल नाही. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते, आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो.

आता हा पंखा काही घरच्यासारखा नव्हे. धावत्या डब्याला वीजमंडळाची तार कुठून जोडणार? म्हणून चाकाच्या आसावर पट्टा चढवायचा, त्याने डायनॅमो फिरवायचा आणि डब्याखालच्या बॅटऱ्या भरायच्या. सायकलच्या डायनॅमोचाच हा थोरला भाऊ. फक्त धाकट्यापेक्षा संसारी, चार पैसे शिल्लक टाकणारा. म्हणूनच घाट चढण्यासाठी मागून इंजिन लावून घेत गाडी कसाऱ्याला उभी राहिली, तरी पंखा चालू राही.

पूर्वी हा कारभार 24 व्होल्टचा होता. पण व्होल्ट कमी की करंट जास्त. 60 वॅटचा पंखा 230 व्होल्टवर साधारण पाव अँपिअर खातो, 24 वर अडीच. खाणारा असा दांडगा, म्हणजे तारही जाड हवी. पंखे वाढू लागले, तसे रेल्वेने 110 व्होल्ट धरले. हे व्होल्टेज चोरांना फसवण्यासाठी ठेवलेय, असे डब्यातला एक तरी जाणकार छातीठोकपणे सांगतो. तसे नाही हो! ती सोय बॅटरीची. चोराची फजिती हा वरकड नफा.

राहता राहिला कंगवा. या मोटारीत कोळशाचे ब्रश असतात. ते झिजले, काजळी धरली, की नेमक्या एका जागी संपर्क तुटतो आणि पंखा रुसतो. पाते जरासे ढकलले की संपर्क जुळतो. म्हणून कोणीतरी उठे, जाळीतून कंगवा घाली आणि पंखा सुरू करून देई. सारा डबा त्याच्याकडे कृतज्ञतेने पाही. टक्कल पडलेला गृहस्थसुद्धा खिशात कंगवा का बाळगतो, याचे उत्तर इथे आहे.

हल्ली हौशी मंडळी मोटारीतच झोपायची सोय करून मुरबाडवरून माळशेजला मुक्कामाला जातात. छताला 12 व्होल्टचा पंखा, जाड तार, बॅटरीजवळ फ्यूज आणि ‘काय शोध लावला!’ असा चेहरा. लावा बापडे! आमच्या डब्यांनी हे सारे केव्हाच केले होते, आणि तेही अख्ख्या गावाला एकदम वारा घालून. तुमच्या नव्या पंख्यांना बहुधा ब्रशच नसतात. त्यामुळे कंगव्याला आता केसांवरच भागवावे लागते.