ए. सी. गार्ड्स आणि बांटू पूर्वजांचा ढोल

मासाब टँककडून लकडी का पूलकडे निघालं की ‘ए. सी. गार्ड्स’ लागतं. आमच्या कार्यालयात जिल्ह्यातून बदली होऊन येणारा प्रत्येक जण या नावाला हसतो. त्याला वाटतं, इथे एअर कंडिशनरची गोदामं असावीत. खरं नाव ‘आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स’, म्हणजे निजामाचं आफ्रिकन घोडदळ. एकोणिसाव्या शतकात हे स्वार वनपर्ती संस्थानातून निजामाकडे आले, असं सांगतात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर निजामाची फौज मोडली. शिपायांच्या नोकऱ्या गेल्या, वस्ती मात्र राहिली. तिथले सिद्दी आज तुमच्या-आमच्यासारखं हैदराबादी बोलतात.

मराठी माणसाला हबशी माहीत आहेत ते शाळेच्या पुस्तकातून. एक जंजिऱ्याचा सिद्दी, शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांना दाद न देणारा. दुसरा मलिक अंबर, निजामशाहीचा वजीर, १६१० मध्ये खडकी वसवणारा. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली आणि १९५६ पर्यंत आपल्या हैदराबाद राज्यात होती. अंबर गुलाम म्हणून विकला गेला होता आणि अखेर राज्याचा कारभारी झाला. पण तो मूळचा इथिओपियाचा. त्या देशाला अरबीत ‘हबश’ म्हणत, त्यावरून हबशी हा शब्द आला. अरब आणि पोर्तुगीज जहाजांनी पुढे मोझांबिक, टांझानिया अशा दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवरूनही माणसं आणली. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळे, पण आपण त्यांनाही हबशीच म्हटलं. दिल्लीत मराठवाड्याच्या माणसालाही ‘मद्रासी’ म्हणणारे भेटतात, तसाच हा प्रकार.

या दक्षिणेकडच्या लोकांना बांटू म्हणतात. ‘न्टू’ म्हणजे माणूस आणि ‘बा’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणून बांटू म्हणजे फक्त ‘माणसं’. ही एक जात किंवा एक जमात नव्हे. सुमारे पाचशे भाषांचं हे कुटुंब आहे. झुलू आणि स्वाहिली त्यातल्याच. कॅमेरून-नायजेरियाच्या सीमेकडून काही हजार वर्षांपूर्वी हे लोक शेती घेऊन, पुढे लोखंडाची विद्याही घेऊन निम्म्या आफ्रिकेत पसरले.

आपल्या सिद्दींचा या बांटूंशी संबंध कसा कळला? तो शोध आपल्याच शहरात, हबसीगुड्याच्या सीसीएमबी संस्थेत लागला. (गावाच्या नावातसुद्धा हबशी आहेच!) तिथल्या शास्त्रज्ञांनी कर्नाटक आणि गुजरातच्या सिद्दींचे डीएनए नमुने तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: या लोकांचे आफ्रिकन पूर्वज बांटू भाषक होते आणि भारतीयांशी त्यांचे रक्तसंबंध गेल्या सुमारे आठ पिढ्यांत, म्हणजे दोनशे वर्षांत जुळले.

रक्ताचं प्रयोगशाळेत कळलं. संस्कृतीचं काय उरलं? भाषा जवळजवळ गेली. गुलामाला मालकाची भाषा शिकावीच लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या जंगलातले सिद्दी कोकणीच्या वळणाची बोली बोलतात. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीजांकडून पळून आलेले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत, पण ‘हिरियारू’ म्हणजे घरातले गेलेले वडीलधारे, त्यांचं पूजन तिघांकडेही होतं. पूर्वज मेल्यावरही कुटुंबातच असतात, ही बांटू समाजांची फार जुनी समजूत. अर्थात हिरियारू हा शब्द कानडी आहे आणि पितर आपणही पूजतो. गणपती गेले की पितृपक्षच येतो. त्यामुळे हे सगळं आफ्रिकेतूनच आलं असं मी म्हणणार नाही. दोन सारख्या चाली एकमेकींत मिसळल्या असाव्यात.

ढोलाबाबत मात्र शंका नको. स्वाहिलीत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. गुजरातचे सिद्दी रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यात जो नाच करतात, त्याला ते ‘गोमा’ म्हणतात. भोपळा लावलेलं, धनुष्यासारखं एकतारी ‘मलुंगा’ वाद्यही त्यांच्याकडे आहे, आणि तशी वाद्यं पूर्व आफ्रिकेत आजही वाजतात. सगळी भाषा गेली आणि ढोलाचं नाव तेवढं टिकलं!

हैदराबादेत ढोलाचं नाव ‘मर्फा’. त्यात येमेनी अरबांचाही मोठा वाटा आहे. बारकसचे अरब आणि ए. सी. गार्ड्सचे सिद्दी दोघेही तो वाजवतात. निजामाच्या समारंभात वाजणारा मर्फा नंतर लग्नाच्या वरातीत आला, कुणाच्याही धर्माच्या. विसर्जनाला आपली पोरं ज्या ‘तीनमार’वर नाचतात, त्याचं मूळही मर्फ्यातच मानलं जातं.

सरकारी नोकरीमुळे याद्या चाळायची सवय आहे, म्हणून आणखी एक सांगतो. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी तिथल्या विधान परिषदेवर गेले. आपल्याकडे ते बीसी-ई गटात आहेत. यादीत ‘सिद्दी, याबा, हबशी, जसी’ अशी चारही नावं एकाच ओळीत. त्या गटाचं चार टक्के आरक्षण ते इतर बऱ्याच मोठ्या समाजांसोबत वाटून घेतात. वस्ती लहान, मागणारा आवाज त्याहून लहान.

डीजे आल्यापासून मर्फ्याच्या सुपाऱ्या कमी झाल्या आणि नवी मुलं हा धंदा धरायला तयार नाहीत. आपल्या मंडळाच्या दहा दिवसांच्या कार्यक्रमांत भावगीतं असतात, नाटक असतं, पाककृती स्पर्धा असते. पुढच्या वर्षी एक संध्याकाळ ए. सी. गार्ड्सच्या मर्फावाल्यांना द्यावी, असं मी कार्यकारिणीला सुचवतो. मानधन डीजेच्या निम्म्यानेही भागेल.