तळ्याकाठचे मध्याश्मयुगीन शिकारी : जीवन व दफनविधी

तळ्याकाठचे मध्याश्मयुगीन शिकारी : हिमयुगाच्या अखेरीनंतर सरोवरे, तळी व पाणथळ भूमी यांच्या काठी वस्ती करून शिकार, मासेमारी व कंदमुळे-फळांचे संकलन यांवर उपजीविका करणारे मानवसमूह. शेती व पशुपालन यांच्या प्रसारापूर्वीच्या या समाजांची माहिती प्रामुख्याने त्यांची सूक्ष्म दगडी हत्यारे, खाऊन टाकलेल्या प्राण्यांची हाडे आणि मृतांची दफने या तीन साधनांवरून मिळते. यांपैकी दफनांचे महत्त्व विशेष आहे. हत्यारांवरून माणूस काय करीत होता हे समजते, तर दफनांवरून तो आपल्या माणसांविषयी काय मानीत होता याचा अंदाज करता येतो. भारतात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी उत्तर गुजरातेतील लांघणज येथे घातला.

महाराष्ट्रातील स्थिती : महाराष्ट्रात शिकारी समूहांचे वास्तव्य पुरातन आहे. जळगाव जिल्ह्यातील पाटणे (ता. चाळीसगाव) येथे शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात उत्तर पुराश्मयुगीन थरांतून शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे मणी व नक्षी कोरलेले तुकडे मिळाले. त्यांचा काळ सु. २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. त्या वेळी हिमयुगाच्या प्रभावामुळे दख्खनचे हवामान आजच्याहून थंड व कोरडे होते आणि गवताळ माळरानांवर शहामृग वावरत होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, मुळशी-मावळासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात मात्र दफनांचा शोध घेणे कठीण ठरते. कारण तेथील आम्लधर्मी मातीत हाडे लवकर विरघळून जातात. मुळशीचा आजचा विस्तीर्ण जलाशयही प्राचीन सरोवर नसून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात वीजनिर्मितीसाठी बांधलेल्या धरणामुळे तो निर्माण झाला आहे. पुणे जिल्ह्यात मोठ्या संख्येने मिळालेली प्रागैतिहासिक दफने शिरूर तालुक्यातील इनामगावची होत. परंतु ती ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची आहेत. शिकारी लोकांच्या दफनांसाठी त्यामुळे वाळूच्या टेकड्यांच्या व गाळाच्या मैदानी प्रदेशाकडे वळावे लागते.

लांघणज : हे गाव मेहसाणा जिल्ह्यात असून १९६० पर्यंत ते मुंबई राज्यात समाविष्ट होते. या भागात वाऱ्याने साचविलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांच्या मधल्या सखल भागांत पावसाचे पाणी साठून लहानमोठी तळी तयार होत. अशा तळ्यालगतच्या ‘अंधारियो टिंबो’ या टेकाडावर शिकाऱ्यांची वस्ती होती. ह. धी. सांकलिया (१९०८–८९) यांच्या नेतृत्वाखाली १९४४ ते १९६३ या काळात येथे अनेक वेळा उत्खनने झाली. आरंभीच्या मोहिमेत समाजशास्त्रज्ञ व मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांचाही सहभाग होता. दोघेही डेक्कन कॉलेज संशोधन संस्थेत १९३९ मध्ये, म्हणजे संस्थेच्या पुनःस्थापनेच्या वर्षीच, रुजू झाले होते. पर्यावरणतज्ज्ञ एफ्. ई. त्सॉयनर यांनी येथील वाळू व माती यांच्या थरांचे परीक्षण करून प्राचीन हवामानाविषयी अनुमाने मांडली.

जीवन : लांघणजच्या रहिवाशांची हत्यारे चर्ट, कॅल्सेडोनी, गारगोटी इ. दगडांची असून आकाराने अत्यंत लहान, बहुधा दोन-तीन सेंमी.च्या आतली आहेत. अशी सूक्ष्मास्त्रे एकेकटी वापरीत नसत. लाकडाच्या वा हाडाच्या खोबणीत ती डिंकासारख्या चिकट पदार्थाने ओळीने बसवून बाणाची टोके, भाले व सुऱ्या बनवीत. एखादे पाते तुटले, तर तेवढेच बदलता येई. उत्खननात मिळालेल्या हाडांचा अभ्यास ज्यूलिएट क्लटन-ब्रॉक यांनी केला. गेंडा, नीलगाय, काळवीट, चितळ, पाडा हरिण व रानडुक्कर यांबरोबरच कासव व मासे यांचे अवशेष त्यांत आढळतात. गेंड्याला पाणथळ व उंच गवताचा प्रदेश लागतो. आज रुक्ष असलेल्या या भूमीत त्या काळी पाणी व गवत मुबलक होते, हे यावरून दिसते. गेंड्याच्या खांद्याच्या एका रुंद हाडावर घाव पडून झालेले खळगे आहेत. हत्यारे घडविताना त्याचा ऐरणीसारखा उपयोग केला असावा. दंतशंखाचे मणीही मिळाले. हा समुद्री शंख असल्यामुळे किनाऱ्यावरील लोकांशी या समूहाचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध होता, हे उघड आहे.

वरच्या थरांत मृत्पात्रांचे तुकडे व तांब्याची एक सुरी मिळाली. हाडांच्या कार्बन-१४ परीक्षणावरून वस्तीच्या एका टप्प्याचा काळ इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीच्या सुमाराचा ठरतो. सिंधू संस्कृतीची नगरे पश्चिम भारतात नांदत असताना त्यांच्या शेजारी शिकारी समूहही आपल्या पद्धतीने जगत होते. एक अवस्था संपली आणि दुसरी सुरू झाली, असा सरळ क्रम मानवी इतिहासात सर्वत्र आढळत नाही, याचे हे एक बोलके उदाहरण होय.

दफने : लांघणज येथे सु. चौदा मानवी सांगाडे मिळाले. मृताला वस्तीच्याच जागेत पुरीत. गुडघे पोटाशी दुमडलेले, हात अंगाशी घेतलेले व शरीर एका कुशीवर, अशी त्याची ठेवण असे. बहुतेक दफनांची दिशा पूर्व-पश्चिम आहे. शरीर इतके घट्ट दुमडलेले आहे, की पुरण्यापूर्वी ते बांधले असावे असे वाटते. या ठेवणीचा अर्थ निरनिराळ्या प्रकारे लावला जातो : झोपेची अवस्था, गर्भातील अवस्था, मृताने परत येऊ नये म्हणून घेतलेली दक्षता किंवा केवळ लहान खड्ड्यात मावण्याची सोय. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे हाडे सांगू शकत नाहीत. मात्र ज्या टेकाडावर चूल पेटत होती, तेथेच मृताला जागा दिली जाई, एवढे निश्चित आहे.

या सांगाड्यांच्या अभ्यासाचा इतिहासही उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कवटीच्या मापांवरून वंश ठरविण्याची पद्धत रूढ होती. तीनुसार लांघणजच्या लोकांचे आफ्रिकेतील समूहांशी साधर्म्य सुचविण्यात आले होते. स्वतः इरावती कर्वे यांनी बर्लिन येथे डॉक्टरेटसाठी मानवी कवटीच्या असममितीवर संशोधन केले होते आणि त्या असममितीचा वांशिक श्रेष्ठत्वाशी संबंध जोडता येत नाही, असा निष्कर्ष तेथील प्रचलित मतप्रवाहाविरुद्ध जाऊन मांडला होता. पुढे केनेथ केनेडी व इतर संशोधकांनी सांगाड्यांना वंशांच्या कप्प्यांत घालण्याचा आग्रह सोडून दिला व हाडांवरील श्रमाच्या, आजारांच्या व आहाराच्या खुणा वाचण्यावर भर दिला. मृत माणूस कोणत्या गटाचा होता, यापेक्षा तो कसा जगला, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासाच्या केंद्रस्थानी आला.

गंगेच्या खोऱ्यातील दफने : उत्तर प्रदेशातील प्रतापगढ जिल्ह्यात नद्यांनी सोडून दिलेल्या वळणांमुळे नालाकृती तळी निर्माण झाली आहेत. त्यांच्या काठी सराय नाहर राय, महादहा व दमदमा ही तीन स्थळे अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी उजेडात आणली. सराय नाहर राय येथे गो. रा. शर्मा यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केले. तेथे एकाच खड्ड्यात चार व्यक्तींना एकत्र पुरलेले आढळले. एका सांगाड्याच्या हाडात दगडी बाणाचे टोक रुतलेले होते; तळ्याकाठचे जीवन नेहमीच शांततेचे नव्हते, हे त्यावरून कळते. महादहा हे स्थळ १९७८ मध्ये कालव्याच्या रुंदीकरणामुळे लक्षात आले; तोपर्यंत त्याचा काही भाग नष्ट झाला होता. तेथे तळ्याचा भाग, शिकार कापण्याची जागा आणि वस्तीसह दफनभूमी असे तीन विभाग ओळखता आले. काही मृतांच्या अंगावर हाडांची व शिंगांची कर्णभूषणे आणि गळ्यातील माळा होत्या. दमदमा येथे १९८२ ते १९८७ या काळात ४१ दफने उजेडात आली. त्यांपैकी काहींत एकाहून अधिक व्यक्ती आहेत.

लांघणजच्या उलट येथील बहुतेक मृतांना उताणे व पाय सरळ ठेवून पुरले आहे. हे लोक उंच व बळकट बांध्याचे होते. त्यांच्या दातांत कीड क्वचितच आढळते, परंतु भरड अन्नामुळे दातांची झीज पुष्कळ झालेली आहे. पिष्टमय पदार्थांचे प्रमाण कमी असलेल्या आहाराशी हे सुसंगत आहे. या स्थळांच्या कालनिश्चितीबाबत मतभेद असले, तरी दमदमा येथील वस्तीचा आरंभ सु. आठ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी झाला, असे बहुतेक संशोधक मानतात.

शीत प्रदेशांतील सरोवरे : अशाच प्रकारचे समाज उत्तर यूरेशियाच्या थंड प्रदेशांत अधिक ठळकपणे दिसतात. रशियातील कारेलिया प्रदेशात ओनेगा सरोवरातील यूझ्नी ओलेनी या बेटावर व्ह्‌लादिस्लाव्ह राव्हदोनिकस यांनी १९३६–३८ मध्ये १७७ दफने उघडकीस आणली. दगडाच्या खाणकामामुळे त्यापूर्वीच दफनभूमीचा मोठा भाग नाहीसा झाला होता. मृतांवर तांबडा गेरू पसरीत. बहुतेकांची डोकी पूर्वेकडे असत. एल्क या मोठ्या हरणाचे सुळे सोडून इतर पुढचे दात, बीव्हरचे दात व अस्वलाचे सुळे यांची पदके कपड्यांवर शिवलेली असत. एल्कच्या डोक्याच्या आकाराची कोरीव शिल्पेही मिळाली. चार व्यक्तींना उभ्या खड्ड्यांत जवळजवळ उभ्या स्थितीत पुरलेले होते. दफनसामग्रीतील तफावतीवरून या समाजात उच्चनीच भेद होता, असे मत १९८४ मध्ये जॉन ओशिया व मारेक झ्वेलेबिल यांनी मांडले; इतरांनी त्यावर आक्षेप घेतले.

ही दफनभूमी दीर्घकाळ वापरात होती, असे पूर्वी मानीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कार्बन-१४ मापनांनुसार तिचा वापर सु. ८,२५० ते ८,००० वर्षांपूर्वीच्या काळात, फार तर एकदोन शतके, झाला. याच सुमारास उत्तर अमेरिकेतील वितळत्या हिमनद्यांचे थंड पाणी अटलांटिक महासागरात लोटल्यामुळे उत्तर गोलार्धात अकस्मात थंडी वाढली होती. जंगलातील शिकार बेभरवशाची झाली, तेव्हा मोठ्या सरोवरातील मासे हा त्या मानाने खात्रीचा आधार राहिला असावा. विखुरलेले गट त्याच्या काठी एकवटले आणि सामाईक दफनभूमीच्या द्वारे त्यांनी परस्परांशी व त्या जागेशी आपले नाते दृढ केले, असे स्पष्टीकरण देण्यात येते. हवामान सुधारल्यावर लोक पुन्हा पांगले व बेटावरील दफने थांबली.

सायबीरियातील बैकल सरोवराच्या परिसरातही असेच चढउतार दिसतात. इर्कूट्‌स्क येथील लोकोमोटिव्ह व सरोवराच्या नैर्ऋत्य टोकाजवळील शामान्का या दफनभूमींत गेरूचा वापर, मासेमारीचे गळ व हरणांच्या दातांचे अलंकार आढळतात. काही सांगाड्यांना कवटी नाही. शामान्का येथे एका कुत्र्याला माणसांप्रमाणेच पुरलेले आहे. यानंतर सु. हजार वर्षे या भागात मोठ्या दफनभूमी आढळत नाहीत. लॅटव्हियातील बुर्त्निएक्स सरोवराकाठच्या झ्वेयनिएकी येथे मात्र तीनशेहून अधिक दफने असून तेथे मृतांना पुरण्याची प्रथा काही सहस्रके टिकली.

तुलना व निष्कर्ष : लांघणज व गंगेचे खोरे येथील दफने वस्तीच्या आत आहेत, ओनेगाकाठच्या लोकांनी मृतांसाठी पाण्यापलीकडचे स्वतंत्र बेट निवडले. भारतीय दफनांत गेरूचा व अलंकारांचा वापर मर्यादित आहे, तर शीत प्रदेशांत तो विपुल आहे. हा भेद असला, तरी काही गोष्टी समान आहेत. वर्षभर वा वर्षाचा बराच काळ पाणी व अन्न देणाऱ्या स्थळी लोक पुन:पुन्हा परतत आणि तेथेच आपले मृत ठेवीत. स्थिर शेतीमुळेच माणूस भूमीशी बांधला गेला, ही समजूत त्यामुळे पुरती खरी ठरत नाही. नांगराच्या आधीही पूर्वजांच्या अस्थींनी माणसाला एखाद्या जागेशी बांधले होते.

इनामगावच्या शेतकऱ्यांची (सु. इ. स. पू. १६००–७००) प्रथा यापुढील पायरी दर्शविते. ते मृतांना घराच्या जमिनीखाली वा अंगणात पुरीत. बालकांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत ठेवीत. प्रौढांचे डोके उत्तरेकडे करून त्यांची पावले घोट्यापासून तोडीत. मृताने घर सोडून जाऊ नये, हा त्यामागील हेतू असावा, असे उत्खननकारांना वाटते. मृताला जवळ ठेवण्याची शिकाऱ्यांची ओढ येथे घराच्या उंबऱ्याआड आली.

या अभ्यासाची साधने नाशवंत आहेत. ओनेगा येथे खाणीने व महादहा येथे कालव्याने दफनांची हानी झाली. गुजरातेतील वाळूची टेकाडे व गंगेच्या खोऱ्यातील तळी शेतीसाठी सपाट केली जातात. लिखित शब्द मागे न ठेवलेल्या या माणसांचा इतिहास केवळ त्यांच्या हाडांत व त्यांच्या सभोवतालच्या मातीत नोंदलेला आहे. ती माती एकदा विस्कटली, की त्यांच्याविषयी जाणून घेण्याचे दुसरे कोणतेही साधन उरत नाही.