चार दशांश गुण : जपानच्या पुरुष जिम्नॅस्टिक्स संघाची कहाणी

जुलै १९७६. माँट्रियल ऑलिंपिक. पुरुषांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्समध्ये जपान आणि सोव्हिएत संघ यांच्यात अटीतटीची लढत चालू होती. जपानचा शुन फुजिमोतो फ्लोअरवरची आपली रचना संपवताना गुडघ्यावर चुकीचा भार घेऊन उतरला. गुडघ्याची वाटी मोडली होती. त्याने ते कोणाला कळू दिले नाही. त्याच पायाने तो पॉमेल हॉर्सवर चढला आणि ९.५ गुण मिळवून उतरला. मग रिंग्ज. हातांच्या बळावरच्या या साधनावर पायाला काम नसते, पण शेवटी उतरावे लागतेच. सुमारे आठ फुटांवरून दुहेरी कोलांटी आणि गिरकी घेत तो दोन्ही पायांवर उतरला, क्षणभर हात वर करून उभा राहिला आणि मग वेदनेने वाकला. ९.७ गुण. त्यानंतर मात्र त्याला थांबवण्यात आले. जपानने सुवर्णपदक जिंकले. जपान ५७६.८५, सोव्हिएत संघ ५७६.४५. फरक चार दशांशांचा.

प्रेरणादायी गोष्टींच्या पुस्तकांत आणि भाषणांत ही कथा जगभर सांगितली जाते. ती खरी आहे. पण ती जिथे थांबते तिथे जपानी संघाचा इतिहास थांबत नाही, आणि जिथे सुरू होते तिथे तो सुरू होत नाही. एका गुडघ्याने एका संघाचा चव्वेचाळीस वर्षांचा प्रवास झाकून टाकला आहे. तो झाकलेला भाग उलगडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पाचांत पाचवा

व्यायामाचे पाश्चात्त्य शास्त्र जपानमध्ये सरकारी दारातून आले. मेइजी राजवटीने १८७८ साली तोक्योत व्यायामशिक्षकांसाठी संस्था काढली आणि तिथे शिकवायला जॉर्ज लीलँड या अमेरिकन डॉक्टरला बोलावले. शाळाशाळांतून कवायत रुजली. १९२८ पासून रेडिओवरच्या सूचनांबरहुकूम व्यायाम करण्याची प्रथाही सुरू झाली. पण कवायत वेगळी आणि साधनांवरचे जिम्नॅस्टिक्स वेगळे. आपल्या आखाड्यांत ज्यांना सिंगल बार आणि डबल बार म्हणतात, त्या साधनांवर तेव्हा युरोपीय देशांचे राज्य होते.

१९३२ साली लॉस एंजेलिसला जपानी संघ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. पाच संघ होते. जपान पाचवा आला. युद्धानंतर १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचे जपानला निमंत्रणच नव्हते. १९५२ साली हेलसिंकीला संघ परतला तेव्हा पुन्हा पाचवाच आला, पण हे पाचवेपण निराळे होते. व्हॉल्टमध्ये मासाओ ताकेमोतोला रौप्य मिळाले, तर ताकाशी ओनो आणि तादाओ उएसाको यांना कांस्य विभागून मिळाले. फ्लोअरवर उएसाकोला रौप्य मिळाले. म्हणजे सुटे खेळाडू तयार होते. संघ अजून तयार व्हायचा होता.

त्याच हेलसिंकीत सोव्हिएत संघ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच उतरला होता आणि आल्या आल्या त्याने सांघिक सुवर्ण नेले. त्यांचा अग्रणी व्हिक्तर चुकारिन. नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतलेला हा माणूस तिशी ओलांडून ऑलिंपिक विजेता झाला होता. जपानसमोरची भिंत ही अशी होती.

पाच शतांश

१९५६ च्या मेलबर्नला जपानने सांघिक रौप्य मिळवले. वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत चुकारिन ११४.२५, ओनो ११४.२०. चार वर्षांनी रोममध्ये बोरिस शाखलिन ११५.९५, ओनो ११५.९०. दोन्ही वेळा पाच शतांशांनी सुवर्ण हुकले. हाय बारवर मात्र दोन्ही वेळा ओनोच पहिला आला. जपानी भाषेत एक म्हण आहे : राक्षसाच्या हाती लोखंडी गदा. आधीच बलवान, त्यात हत्यार. लोकांनी तिला जोड दिली : राक्षसाला गदा, ओनोला लोखंडी बार. ‘ओनी’ म्हणजे राक्षस, आणि खेळाडूचे नाव ओनो. कोटी आपोआप जमली.

ओनोचे वैयक्तिक सुवर्ण हुकले, पण रोममध्येच संघ जिंकला. जपान ५७५.२०, सोव्हिएत संघ ५७२.७०. त्या संघात ताकेमोतो चाळीस वर्षांचा होता. १९५२ च्या पाचव्या क्रमांकापासून १९६० च्या पहिल्या क्रमांकापर्यंतची सगळी वाट त्याने स्वतःच्या खांद्यांवर चालली होती.

या आठ वर्षांत काय बदलले? एक म्हणजे, विद्यापीठे या खेळाची घरे झाली. तोक्यो शिक्षण विद्यापीठातून ओनो आला, पुढे युकिओ एन्दो आणि सावाओ कातोही तिथूनच आले. हेलसिंकीच्या संघातला आकितोमो कानेको पुढे शरीराच्या हालचालींचा अभ्यासक झाला. हालचाल कशी शिकली जाते आणि कशी शिकवता येते, या प्रश्नावर त्याने आयुष्य घालवले. खेळाडू शिक्षक होत गेले आणि शिक्षक पुढचे खेळाडू घडवत गेले. एकट्याचे कसब दुसऱ्याच्या हाती देण्याची व्यवस्था उभी राहिली. ज्या खेळात एक डाव शिकायला वर्षे जातात, तिथे ही व्यवस्थाच सर्वांत मोठे बळ ठरते.

दुसरे कारण नियमांत होते. तेव्हा प्रत्येक संघाचे सहा खेळाडू प्रत्येक साधनावर उतरत आणि त्यांतले सर्वोत्तम पाच गुण धरले जात. शिवाय सर्वांना एकच ठरावीक रचना करावी लागे आणि मग आपापली ऐच्छिक रचना. ठरावीक रचनेत चमत्काराला वाव नसतो. तिथे टाच जुळली की नाही, गुडघा सरळ होता की नाही, एवढेच पाहिले जाते. एका अलौकिक खेळाडूपेक्षा सहा पक्के खेळाडू ज्याच्याकडे तो देश जिंकणार, असे हे गणित होते.

तोक्यो आणि ‘अल्ट्रा सी’

१९६४ चे ऑलिंपिक तोक्योला आले. खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान ओनोला मिळाला. तेहतीस वर्षांचा ओनो दुखरा खांदा घेऊन संघात होता. त्याची पत्नी कियोको हिने त्याच स्पर्धेत जपानी महिला संघाबरोबर सांघिक कांस्य मिळवले. पुरुष संघाने सुवर्ण राखले. ओनोला दोनदा हुलकावणी दिलेले सर्वसाधारण स्पर्धेचे सुवर्ण अखेर जपानला एन्दोने मिळवून दिले. आई लहानपणीच गेल्यावर अनाथाश्रमात वाढलेला हा अकिता प्रांतातला मुलगा.

या स्पर्धेने जपानी भाषेला एक शब्द दिला. जिम्नॅस्टिक्समधले डाव तेव्हा अ, ब, क अशा काठिण्यश्रेणींत मोडत, म्हणजे ए, बी आणि सी. सर्वांत अवघड सी. हारुहिरो यामाशिताच्या व्हॉल्टसारख्या ‘सी’च्याही पलीकडच्या डावांना जपान्यांनी ‘अल्ट्रा सी’ म्हणायला सुरुवात केली. पुढे राजकारणात, धंद्यात, संसारात अशक्य वाटणारी युक्ती म्हणजे ‘अल्ट्रा सी’, असा त्याचा अर्थ रूढ झाला. डाव विस्मरणात गेला, शब्द उरला.

त्याच तोक्योत आपलेही सहा जिम्नॅस्ट उतरले होते. त्यानंतर ऑलिंपिकमध्ये भारतीय जिम्नॅस्ट दिसायला २०१६ साल उजाडले. दीपा कर्माकर रिओला गेली तेव्हा मध्ये बावन्न वर्षे लोटली होती. प्रतिभा आपल्याकडे नव्हती असे मल्लखांब पाहिलेला कोणी म्हणणार नाही. एकाचे कसब दुसऱ्याच्या हाती देणारी अखंड साखळी मात्र नव्हती. जपानशी तुलना करायची तर ती पदकांची नको, या साखळीची करावी.

चंद्रावरची कोलांटी

१९६८ साली मेक्सिकोत सावाओ कातोने मिखाईल वरोनिनला हरवून सर्वसाधारण स्पर्धेचे सुवर्ण घेतले. ११५.९० विरुद्ध ११५.८५. फरक पुन्हा पाच शतांशांचा, या वेळी जपानच्या बाजूने. १९७२ साली म्युनिकमध्ये तर कातो, एइझो केनमोत्सु आणि आकिनोरी नाकायामा यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. त्याच म्युनिकमध्ये मित्सुओ त्सुकाहारा हाय बारवरून उतरताना हवेत दुहेरी कोलांटी घेता घेता गिरकी घेऊन गेला. माणूस चंद्रावर उतरून तीनच वर्षे झाली होती. जपानी लोकांनी या डावाला चंद्रावरची कोलांटी असे नाव दिले.

१९६० ते १९७८ या काळात जपानने पाच ऑलिंपिक आणि पाच जागतिक अजिंक्यपदे अशी दहा सांघिक सुवर्णे ओळीने जिंकली. माँट्रियल त्यांतले नववे.

आता पुन्हा माँट्रियलकडे वळू. त्या संघाला स्पर्धेआधीच धक्का बसला होता. १९७४ चा जगज्जेता शिगेरु कासामात्सु अपेंडिक्सच्या दुखण्याने बाहेर गेला आणि हिसातो इगाराशी ऐनवेळी संघात आला. मग फुजिमोतोचा गुडघा गेला. रिंग्जनंतर तीन साधने उरली होती : व्हॉल्ट, डबल बार, हाय बार. खेळाडू पाच आणि धरायचे गुणही पाच. सहापैकी एक गुण सोडून देण्याची जी मुभा प्रतिस्पर्ध्यांना होती, ती जपानला उरली नाही. एकाचा हात सुटला की सुवर्ण गेले. कातो, त्सुकाहारा, केनमोत्सु, हिरोशी काजियामा आणि इगाराशी यांनी तिन्ही साधनांवरची पंधरा सादरीकरणे या टांगत्या तलवारीखाली केली. चार दशांशांचा विजय त्यातून आला.

गोष्टींच्या पुस्तकांत ही पंधरा सादरीकरणे नसतात. तिथे मोडलेला गुडघा असतो. वेदना दिसते, तिचे चित्र होते. सराव दिसत नाही. ऐनवेळी आलेल्या इगाराशीला संघात बसवता आले, कारण त्याच्यामागे वीस वर्षांची शिस्त होती. हे सांगायला वेळ लागतो, आणि ऐकताना अंगावर काटाही येत नाही.

खुद्द फुजिमोतोला पुढे विचारले गेले की, पुन्हा तशी वेळ आली तर तो तेच करील का? त्याने नाही असे सांगितले. कथा सांगणारे बहुतेक जण हे उत्तर गाळतात. कथेतला सर्वांत प्रामाणिक भाग मात्र तोच आहे.

उतार आणि वारसा

१९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर जपानने बहिष्कार टाकला. त्याआधीच्या वर्षी जागतिक अजिंक्यपद सोव्हिएत संघाकडे गेले होते. १९८४ साली कोजी गुशिकेनने सर्वसाधारण स्पर्धेत सुवर्ण मिळवले, पण संघाला कांस्य. १९८८ आणि १९९२ लाही कांस्य. १९९६ साली अटलांटात संघ दहावा आला. चीन पुढे गेला होता. १९९६ नंतर ठरावीक रचनाही रद्द झाली, म्हणजे ज्या परीक्षेत जपानी खेळाडू पिढ्यानपिढ्या तरबेज होते तीच उरली नाही.

२००४ साली अथेन्समध्ये जपानने तब्बल अठ्ठावीस वर्षांनी सांघिक सुवर्ण परत मिळवले. शेवटचे साधन हाय बार, शेवटचा खेळाडू हिरोयुकी तोमिता. त्याने जो डाव घेऊन पाय रोवले तो त्सुकाहाराच्या चंद्रावरच्या कोलांटीचाच वाढवलेला, सरळ अंगाने घेतलेला अवतार होता. आणि संघात नाओया त्सुकाहारा होता, मित्सुओचा मुलगा. साखळी तुटली नव्हती, फक्त काही वर्षे नजरेआड गेली होती.

तोवर नियम आणखी कडक झाले होते. अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तीनच खेळाडू आणि तिघांचेही गुण धरायचे. १९७६ मध्ये जपानवर अपघाताने जी अवस्था ओढवली होती, ती आता सर्वांसाठी नियम झाली. सोडून देण्याजोगा गुण कोणाकडेच नाही.

२०१२ साली लंडनमध्ये फुजिमोतोच्या प्रसंगाची जणू पुन्हा परीक्षा झाली. अंतिम फेरीत व्हॉल्टवरून उतरताना कोजी यामामुरोचा पाय दुखावला. पॉमेल हॉर्स अजून बाकी होता. या वेळी त्याला पुढे ढकलले गेले नाही. त्याच्याऐवजी काझुहितो तानाका उतरला. शेवटी कोहेइ उचिमुरा पॉमेल हॉर्सवरून उतरताना चुकला आणि फलकावर जपान चौथा दिसला. जपानने दाद मागितली, त्याच्या उतरण्याचे गुण पुन्हा तपासले गेले आणि रौप्य मिळाले. सुवर्ण गेले. यामामुरोचा पाय मात्र आणखी एका साधनावर पणाला लागला नाही. या प्रसंगाची गोष्ट कोणी शाळेत सांगत नाही, पण छत्तीस वर्षांत संघ काय शिकला हे माँट्रियलशेजारी लंडन ठेवल्यावरच कळते.

त्यानंतर २०१६ साली रिओत सुवर्ण. २०२१ मध्ये झालेल्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये रशियन संघाकडून ०.१०३ गुणांनी हार. आणि २०२४ साली पॅरिस. शेवटच्या साधनाआधी चीन ३.२६७ गुणांनी पुढे होता. हाय बारवर चीनचा सू वेइदे दोनदा खाली पडला. काझुमा काया ज्याचा कर्णधार होता तो जपानी संघ तिथे चुकला नाही आणि ०.५३२ गुणांनी जिंकला. तो आठवा सांघिक सुवर्णविजय. प्रतिस्पर्ध्याच्या पडण्याने विजय मिळाला असे म्हणता येईल. पण तीन गुणांनी मागे असताना, आशा जवळपास संपलेली असताना, आपले काम नेटके करत राहणे हीच या संघाची १९६० पासूनची रीत आहे. समोरचा पडेल की नाही हे आपल्या हाती नसते. आपला हात बारवरून सुटणार नाही, एवढेच हाती असते.

फुजिमोतोच्या गुडघ्याला नमस्कार करावाच. पण त्याने स्वतः दिलेले उत्तरही त्याच श्वासात सांगावे, आणि त्याच्यानंतर बारला हात घालणाऱ्या त्या पाच जणांची नावेही घ्यावीत.