ईश्वरी परिपालन (ख्रिस्ती धर्मविचार)

ईश्वरी परिपालन : सृष्टी निर्माण करून परमेश्वर तिच्यापासून अलिप्त राहिलेला नाही, तर तो ती सांभाळतो आणि आपल्या हेतूकडे नेतो, अशी ख्रिस्ती श्रद्धा. मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चच्या श्रद्धावंत समुदायात, ती ‘देवाची योजना’ म्हणून बोलली जाते. संकटात या श्रद्धेची कसोटी लागते आणि तिचा विपर्यासही बहुधा तेव्हाच होतो.

या विचाराचा बायबलमधील प्रमुख आधार ‘उत्पत्ती’तील योसेफाची कथा आहे. भावांनी विकलेला, मिसर देशात खोट्या आरोपावरून तुरुंगात पडलेला योसेफ पुढे तेथील राजाचा, म्हणजे फारोचा, कारभारी होतो आणि दुष्काळात त्याच भावांना जगवतो. त्यांनी योजलेले वाईट देवाने चांगल्यासाठी वळवले, असे तो अखेरीस सांगतो. मात्र त्यामुळे भावांचा गुन्हा पुसला जात नाही, आणि देव दुष्टाईचा कर्ता नसून तिच्यावरही सत्ता चालवणारा आहे, हा धर्मशास्त्रातील भेद येथेच स्पष्ट होतो. ‘ईयोब’ या ग्रंथाची भूमिका आणखी धीट आहे : दुःख हे पापाचे फळ असल्याचे ठासून सांगणाऱ्या मित्रांनाच देव शेवटी दोषी ठरवतो, तर देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाला आपल्या दुःखाचे कारण कधीच कळत नाही. तक्रार करणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे त्यातून दिसते.

देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे बायबलमधील रोमकरांस पत्रातील (८:२८) प्रेषित पौलाचे विधान सांत्वनासाठी सर्रास उद्धृत होते, परंतु तेथील कल्याण म्हणजे यश किंवा आरोग्य नसून ख्रिस्ताशी सारूप्य होय, असे लगेच पुढच्या वचनात म्हटलेले असताना ते वगळले जाते. खुद्द पौलाने आपल्या देहातील ‘काटा’, म्हणजे एक अनामिक व्याधी किंवा पीडा, दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. तो गेला नाही, कृपा पुरेशी आहे एवढेच उत्तर मिळाले.

पुढे ख्रिस्ती धर्मवेत्ता ऑगस्टीनने (३५४–४३०) देव वाईटातूनही चांगले निर्माण करू शकतो म्हणून वाईट घडू देतो, असे मांडले, तर १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रोटेस्टंट श्रद्धाशिक्षणाच्या पुस्तिकेने, विपत्तीत धीर आणि संपत्तीत कृतज्ञता हे या श्रद्धेचे फळ मानले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला झालेल्या भूकंपानंतर फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने सर्व काही उत्तमच आहे या मताची खिल्ली उडवली. मात्र तो रोख तत्त्वज्ञांच्या आशावादावर होता, आणि ईयोबाचा ग्रंथ वाचलेल्याला त्यात फारसे नवे वाटू नये.

महाराष्ट्रात या श्रद्धेचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). आईवडील दुष्काळाच्या काळात आणि पती १८८२ मध्ये गमावलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या आयुष्याकडे देवाने चालवलेली वाट म्हणून पाहिले. १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आसरा दिला; त्यातून उभे राहिलेले मुक्ती मिशन आजही तेथे कार्यरत आहे.