लूटी आणि कपातलं पिल्लू

बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या भाचीने दिवाळीच्या आधी मला एक फोटो पाठवला. चहाचा पांढरा कप, त्यात बसवलेलं लोकरीच्या गुंड्यासारखं पिल्लू, कपाच्या काठावर दोन इवलेसे पंजे. खाली विक्रेत्याचा मजकूर होता : ‘टीकप पॉमेरेनियन’, राजघराण्यांची आवडती जात, फ्लॅटसाठी अगदी योग्य, आयुष्यभर एवढंच राहणार. किंमत पंच्याहत्तर हजार रुपये. भाचीचा प्रश्न होता, “मावशी, ते राजघराण्याचं खरं आहे का गं? तुला असलं माहीत असतं.”

खरं होतं, आणि मला ते माहीत होतं एका शब्दामुळे. आपल्या भाषांमधून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा माग काढताना ‘लूट’पाशी मी बरेच दिवस थांबले होते. हिंदीत आणि मराठीत आपण रोज वापरतो तोच हा शब्द. कंपनीच्या फौजांबरोबर तो इंग्रजांच्या तोंडी बसला. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे आणि चीनमधलं युद्ध, क्रिमिया, सत्तावनचा उठाव अशा मोहिमांमधून तो इंग्लंडमध्ये कसा रुळत गेला हेही तिथे सांगितलं आहे. याच शब्दाचा माग काढत मी एका कुत्रीपाशी पोहोचले. तिचं नाव लूटी.

१८६० सालचा ऑक्टोबर महिना. दुसऱ्या अफूयुद्धात ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा पेकिंगजवळ पोहोचल्या होत्या. ब्रिटिश फौजेत फेन्स हॉर्स आणि प्रॉबिन्स हॉर्स ही भारतीय घोडदळं होती, पंजाबचं पायदळ होतं. शहराबाहेर युआनमिंगयुआन हा सम्राटाचा विस्तीर्ण उद्यानमहाल होता. सम्राट आधीच उत्तरेला निघून गेला होता. आधी महाल लुटला गेला. ब्रिटिशांनी हाती आलेल्या वस्तूंचा रीतसर लिलाव करून पैसे सैन्यात वाटले. मग वाटाघाटीला गेलेल्या आणि कैदेत पडलेल्या माणसांच्या मृत्यूचा सूड म्हणून लॉर्ड एल्गिनने १८ ऑक्टोबरला महाल जाळायचा हुकूम दिला. मेलेल्यांत भारतीय स्वारही होते. हाच एल्गिन दोन वर्षांनी व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्याला आला.

त्या लुटीत रेशीम होतं, जेड होतं, घड्याळं होती आणि काही छोटी कुत्री होती. पाच कुत्री इंग्लंडला पोहोचली असं सांगितलं जातं. त्यांतली एक ९९व्या रेजिमेंटच्या कॅप्टन जॉन हार्ट डन याने आणली आणि १८६१ साली व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. डनने आपल्या मोहिमेच्या नोंदी त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापल्या. पुस्तकाच्या नावातच मोहिमेची वाट आहे : कलकत्त्याहून पेकिंगपर्यंत. कुत्रीचं नाव लूटी ठेवलं गेलं. राजवाड्यात हे नाव कुणाला खटकलं नाही. भारतातून उचललेला शब्द चीनमधून उचललेल्या कुत्रीला लावला होता, आणि निदान तो खोटा नव्हता. ती कुठून आली हे तिला हाक मारणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

डनने तिचं वर्णन करताना एक दुसरी संज्ञा वापरली आहे. ही अस्सल चिनी ‘बाहीतली कुत्री’ आहे, किंग चार्ल्स जातीच्या कुत्र्यांपेक्षाही लहान, असं तो लिहितो. दरबारी झग्यांच्या रुंद बाह्यांमध्ये मावतील अशी ही कुत्री, म्हणून हे नाव. म्हणजे कुत्र्याचं माप कुत्र्यावरून नाही, तर ते ज्यात ठेवायचं त्यावरून.

राणीने फ्रीड्रिख विल्हेल्म कील या चित्रकाराकडून लूटीचं चित्र काढून घेतलं. तांबड्या उशीवर बसलेली लूटी, मागे जपानी फुलदाणी, बाजूला फुलांचा गुच्छ. चित्रकाराला राजवाड्यातून सूचना होती की कुत्री विलक्षण लहान आहे, ते कळावं यासाठी शेजारी काहीतरी ठेवा. फुलदाणी नसती तर पाहणाऱ्याला ते एक साधं लांब केसांचं कुत्रं वाटलं असतं. भाचीने पाठवलेला फोटो उघडून मी पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की तिथे कप हेच काम करतोय. कप काढून घेतला तर उरतं दीड महिन्याचं कुठलंही पिल्लू.

अशी कुत्री इतकी लहान कशी राहत, याबद्दल तेव्हाच्याच एका बाईने लिहून ठेवलं आहे. कॅथरीन कार्ल ही अमेरिकन चित्रकर्ती १९०३ साली सम्राज्ञी त्झू शीचं चित्र काढण्यासाठी चिनी दरबारात गेली आणि कित्येक महिने तिथे राहिली. १९०५ साली तिचं पुस्तक निघालं. त्झू शीकडे पेकिंगीज कुत्र्यांचा मोठा ताफा होता, त्यांच्यासाठी वेगळी दालनं आणि खोजे नेमलेले होते. पण बाहीतली कुत्री तिला आवडत नसत, असं कार्ल सांगते. गोड पदार्थ आणि मद्य खाऊ-पिऊ घालून त्यांची वाढ खुंटवतात, ही कल्पनाच तिला सहन होत नसे. त्झू शीच्या नावावर इतिहासाने बरंच क्रौर्य जमा केलं आहे. त्यातलं किती खरं यावर अजून वाद आहेत. पण शंभरावर वर्षांपूर्वी ज्या राजघराण्याच्या नावाने ही कुत्री विकली जातात, त्याच घराण्यातल्या सर्वांत शक्तिशाली बाईने या प्रकाराला नाक मुरडलं होतं. विक्रेत्याच्या मजकुरात हे येणार नाही.

भाचीचं पिल्लू पेकिंगीज नाही, पॉमेरेनियन आहे. त्याचीही वाट व्हिक्टोरियाच्याच घरातून जाते. बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या पॉमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेली ही कुत्री मुळात चांगली दांडगी होती. अठराव्या शतकात शार्लट राणीबरोबर ती इंग्लंडच्या दरबारात आली. गेन्सबरोने १७७७च्या सुमारास काढलेलं पॉमेरेनियन कुत्री आणि तिच्या पिल्लाचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातली कुत्री पाहिली तर आजच्या कुणालाही ती पॉमेरेनियन वाटणार नाही. १८८८ साली व्हिक्टोरियाने फ्लॉरेन्समध्ये मार्को नावाचा पॉमेरेनियन घेतला. त्याचं वजन सुमारे बारा पौंड, म्हणजे साडेपाच किलो. त्या काळच्या मानाने तो लहान होता. १८९१ साली लंडनच्या पहिल्या क्रफ्ट्स प्रदर्शनात राणीची कुत्री उतरली. मग लहान पॉमेरेनियनची हौस पसरली आणि पैदास करणारे लहानातलं लहान निवडत गेले. आज ब्रिटनच्या केनेल क्लबच्या मानकात नराचं आदर्श वजन १.८ ते २ किलो आहे, मादीचं २ ते २.५. मार्कोच्या निम्म्याहूनही कमी. मादी थोडी मोठी का, तर तिला पिल्लं व्हायची असतात. पैदास करणाऱ्यांनी निदान एवढं ध्यानात ठेवलं होतं.

‘टीकप’ याच्याही खालचं. ही कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबने मानलेली जात नाही. तो विक्रीचा शब्द आहे, आणि त्यामागे तीन मार्ग असतात. वेतातलं सर्वांत किरकोळ, अशक्त पिल्लू दुसऱ्या तसल्याच पिल्लाशी जुळवायचं, पिढ्यान्‌पिढ्या. किंवा पिल्लाला अर्धपोटी ठेवायचं. किंवा सर्वांत सोपं, आईपासून वेळेआधी तोडलेलं पिल्लू मोठं झालेलं म्हणून दाखवायचं.

लहान असणं हा मुळात दोष नाही. कुत्र्यांच्या आकारात मोठा वाटा असलेला आयजीएफ-१ हा जनुक २००७ साली संशोधकांनी दाखवून दिला. २०२२ साली कळलं की लहान आकाराशी जोडलेलं त्याचं रूप सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यातही होतं. म्हणजे माणसाने कुत्रा पाळायच्या कितीतरी आधीपासून. तीन-चार किलोची निरोगी कुत्री भरपूर असतात आणि सहसा थोराड कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. प्रश्न सुरू होतो तो मापासाठी शरीर पिळलं जातं तिथे.

मूल जन्मलं की आपल्याकडे टाळू जपतात, ती काही महिन्यांत भरते. या कुत्र्यांपैकी पुष्कळांची टाळू कधीच भरत नाही. डोक्याला साधा धक्का बसला तरी जिवावर बेततं. काहींच्या मेंदूत पाणी साठतं. यकृत एवढंसं, त्यात साखरेचा साठा फार थोडा, त्यामुळे पिल्लाचं एखादं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरते. पिल्लू लुळं पडतं, झटके येतात, वेळेवर मध किंवा ग्लुकोज पोटात गेलं नाही तर मरतं. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते आणि कुत्रं तीन पायांवर उड्या मारत चालतं. घरच्यांना आधी ती गंमत वाटते. श्वासनलिकेच्या कड्या मऊ पडतात आणि खोकला बदकाच्या आवाजासारखा येतो. दुधाचे दात पडत नाहीत, लहानशा जबड्यात दोन रांगा होतात. पुढच्या पायांची हाडं इतकी बारीक की सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. शस्त्रक्रिया करायची तर भुलीचं औषध थोडंसं जास्त झालं तरी धोका. आणि आई? तिच्या कमरेतून पिल्लाचं डोकं बाहेर येत नाही, म्हणून पोट कापावं लागतं. कपातल्या फोटोत आई कधीच नसते.

राजघराण्याची जात म्हणून मिरवल्या गेलेल्या पेकिंगीजचं पुढे काय झालं, तेही भाचीला सांगितलं. २००८ साली बीबीसीने वंशावळीच्या कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला. त्यानंतर ब्रिटनच्या केनेल क्लबला पेकिंगीजचं मानक बदलून त्यात लिहावं लागलं की कुत्र्याला नाकाड दिसेल एवढं असलंच पाहिजे. ते इतकं चपटं करत नेलं होतं की कुत्र्याला श्वास घेणं जड जात होतं.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आलं. माझ्या शाळेच्या दिवसांत मध्यमवर्गीय घरांत ‘पामेरियन’ म्हणून जे पांढरं, भुंकरं कुत्रं असे, ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचं. ‘हम आपके हैं कौन..!’मधला टफी त्यातलाच. आपल्या उन्हाळ्यात तग धरणारं, पोळी-दूध खाणारं, जिना चढणारं. कपात कुणी त्याला बसवलं नाही. आता कायदा आहे : २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. त्याआधी २०१६ साली व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्री आणण्यावर बंदी आली. पण नियम असला तरी कुणीतरी विचारावं लागतं.

म्हणून मी भाचीला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या. पिल्लाची आई दाखवा. जन्मतारीख लेखी द्या. नोंदणी क्रमांक काय? दोन दिवसांनी तिचा फोन आला. आई ‘फार्मवर’ होती, जन्मतारखेऐवजी आणखी एक व्हिडिओ आला होता, त्यातही कप होता. नोंदणीचं विचारल्यावर किंमत पासष्ट हजारांवर उतरली.

“पण मावशी,” ती म्हणाली, “मी नाही घेतलं तर ते पिल्लू कुणीतरी दुसरं घेईलच ना? त्याचं काय?”

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. ते पिल्लू कुणीतरी घेईल, हे खरं. ज्याने घेतलं त्याच्या पैशांतून त्याच्या आईला पुढच्या वेताला लावतील, हेही खरं. पहिल्या पिल्लाची दया आली म्हणून दुसरं जन्माला घालायचं का, एवढंच मी विचारू शकले.

थोड्या वेळाने तिने विचारलं, “टीकपला मराठीत काय म्हणशील तू?”

भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न कुणीही, कधीही विचारतं. बाकी वेळी मी ‘टीकपच म्हण’ सांगून मोकळी झाले असते. त्या दिवशी म्हटलं, “वाढ खुंटलेलं.”

ती बराच वेळ गप्प होती. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. तिच्या भागातल्या एका पशुवैद्यांकडे पाच वर्षांची एक पॉमेरेनियन आहे. गुडघ्याच्या वाटीची शस्त्रक्रिया करावी लागली, तेव्हा आधीच्या घरच्यांनी ती तिथेच सोडली. भाची तिला रविवारी बघायला जाणार आहे. कुत्रीचं वजन चार किलो आहे, हे तिने मी न विचारताच लिहिलं होतं.